फ्लायव्हील न विचारता बदलले, आता गाडी अडवली आहे

आपण गाडी केवळ क्लच प्लेट बदलण्यासाठी दिली होती. गिअरबॉक्स उतरवल्यावर फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली, क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती जड चकती) झिजल्याचे सांगून गॅरेजने आपल्याला न विचारता नवे बसवले आणि त्याचे पैसे मिळेपर्यंत गाडी देणार नाही, अशी भूमिका घेतली, असे आपण लिहिले आहे.

सर्वप्रथम जुने फ्लायव्हील लेखी मागून घ्या. ते आपल्या मालकीचे आहे आणि एकदा भंगारात गेले की दोन्ही बाजूंची केवळ तोंडी विधाने उरतील. ते मिळाल्यावर गॅरेजला आगाऊ कळवून स्वतंत्र ऑटोमोबाइल अभियंत्याकडून मोजून घ्या. निळसर डाग किंवा केसासारख्या उथळ भेगा दिसल्या, एवढ्यावरून ते निकामी ठरत नाही. एकसंध फ्लायव्हील पुष्कळदा मशीनवर घासून पुन्हा वापरता येते, मात्र घासल्यानंतरची जाडी उत्पादकाने ठरवलेल्या किमान मर्यादेखाली जाता कामा नये. भेगा खोल असतील किंवा बोल्टच्या छिद्रांपर्यंत पोहोचल्या असतील, तर बदलणेच योग्य. ड्युअल मास प्रकारात, म्हणजे स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांच्या फ्लायव्हीलमध्ये, आतील ग्रीस बाहेर आले असेल किंवा दोन भागांमधला ढिलेपणा मर्यादेबाहेर गेला असेल, तर गॅरेजचे म्हणणे बळकट होते, हे आपण आधीच गृहीत धरलेले बरे.

तथापि, गरज सिद्ध झाली तरी संमतीचा प्रश्न उरतोच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार कारागिराला मेहनतान्यापोटी वस्तू अडवून ठेवता येते, पण ती ज्या कामासाठी सोपवली त्या कामाच्या मेहनतान्यापुरतीच. म्हणून पत्र लिहून क्लचचे पैसे देऊ करा आणि जॉब कार्डाची, म्हणजे गाडी देताना ठरलेल्या कामाच्या नोंदीची, प्रत मागा. गॅरेज त्याच कायद्याच्या कलम ७० चा आधार घेऊन ‘लाभ घेतला, मोबदला द्या’ असे म्हणू शकेल. त्यावर आपले उत्तर असे, की नाकारण्याची संधीच ज्याला मिळाली नाही, त्याने लाभ स्वीकारला असे म्हणता येत नाही. अर्थात, हे उत्तर टिकवायचे असेल, तर नवे फ्लायव्हील काढून नेण्याची मुभा असल्याचे त्याच पत्रात लिहा.

गाडीवाचून अडत असेल, तर ‘हक्क राखून, निषेधासह’ असे बिलावर लिहून रक्कम भरा आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. सेवेतील उणीव सिद्ध करण्याचा भार प्रथम आपल्यावर असेल. गाडी व्यवसायासाठी वापरत असाल, तर ती स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी आहे की नाही यावर वाद होईल. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे; जुन्या फ्लायव्हीलचे पत्र मात्र आजच पाठवा.