चिपमधल्या तारा ओढायला नेमका कोणता अल्गोरिदम वापरतात?

तुमचा प्रश्न असा की, दोन पिनांमधला सर्वांत आखूड रस्ता काढणारा अल्गोरिदम आहेच, मग राउटिंग (चिपवरच्या सगळ्या तारांच्या वाटा ठरवणं) अवघड का म्हणतात?

तेवढ्यावर भागलं असतं तर आम्हाला पगार कुणी दिला असता! मी बरीच वर्षं हेच काम करतोय.

एक तार ओढणं खरंच सोपं आहे. गणिताच्या वहीचा चौकटींचा कागद घ्या. पहिल्या पिनेच्या चारी बाजूंच्या घरांत १ लिहा, त्यांच्या रिकाम्या शेजाऱ्यांत २, मग ३. अडथळ्याची घरं काळी करा. आकडे पसरत पसरत दुसऱ्या पिनेला टेकले, की तिथून उलटे उतरत या: ९, ८, ७... झाला रस्ता. ही सी. वाय. ली यांची १९६१ ची पद्धत. रस्ता असेल तर तो सापडतोच, आणि सर्वांत आखूड सापडतो. खोट एवढीच की आकडे चहूकडे पसरतात, त्यामुळे वेळ आणि मेमरी दोन्ही भरपूर खर्च होतात. १९६९ मध्ये हायटावर यांनी घरं भरण्याऐवजी पिनांपासून सरळ रेषा सोडायची युक्ती काढली. काम झटपट होतं, पण कधी कधी रस्ता असूनही हुकतो.

खरी मारामारी दुसऱ्या तारेपासून सुरू होते. आधी आलेली तार मोक्याची जागा अडवते, मागची अडकते. क्रम बदलला तर दुसरीच कुणी अडकते. जुना उपाय म्हणजे अडवणारी तार उखडायची आणि पुन्हा ओढायची. १९९५ च्या पाथफाइंडर या अल्गोरिदमने यात फार सुंदर बदल केला (तो एफपीजीएसाठी, म्हणजे तयार झाल्यावरही हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपसाठी होता, पण कल्पना सगळीकडे पसरली). आधी सगळ्यांना एकमेकींवर चढू द्यायचं. मग जिथे भांडण, त्या जागेचा भाव वाढवायचा, आणि मागच्या फेऱ्यांतली भांडणंही हिशोबात धरायची. ज्या तारेला दुसरी वाट आहे ती आपोआप बाजूला होते. जिला नाही ती महाग जागा घेऊन बसते.

प्रत्यक्षात टूल आधी चिपचे मोठे चौकोन पाडून कुठली तार कुठल्या चौकोनांतून जाईल एवढंच ठरवतं. नेमक्या पट्ट्या नंतर. एका मेटल लेयरवर साधारण आडव्या तारा, वरच्यावर उभ्या, आणि मध्ये व्हिया, म्हणजे दोन लेयर जोडणारे सांधे. पॉवर आणि क्लॉक आधीच मांडलेले असतात, उरलेल्या जागेत बाकीच्यांनी भागवायचं.

एकदा माझ्या ब्लॉकमध्ये (चिपच्या माझ्याकडच्या भागात) दोन मेमरी मॅक्रोंच्या, म्हणजे मेमरीच्या मोठ्या तयार ठोकळ्यांच्या, मधल्या बोळात शॉर्ट निघत होते, म्हणजे तारा एकमेकींना टेकत होत्या. राउटर रात्रभर चालवला, सकाळी आकडा जवळपास तोच. सेटिंग्ज बदलून पाहण्यात दोन दिवस गेले. शेवटी एक मॅक्रो थोडा सरकवला, बोळात सेल (लॉजिकचे छोटे ठोकळे) ठेवायला बंदी घातली, आणि पुढच्याच रनमध्ये तो कोपरा साफ. तेव्हापासून मी राउटिंग सुरू करण्याआधी कंजेशनचा (तारांच्या गर्दीचा) नकाशा उघडतो. बोळ लाल दिसला की अल्गोरिदमला शिव्या न घालता प्लेसमेंटकडे (ठोकळ्यांच्या मांडणीकडे) वळतो.

हात चालवून बघायचा असेल तर ओपनरोड हे चिप-डिझाइनचं टूल फुकट आहे आणि स्कायवॉटर या चिप-कारखान्याची १३० नॅनोमीटरची पीडीकेही (चिप बनवण्याच्या नियमांचा आणि माहितीचा संच) खुली आहे. एखादं छोटं डिझाइन घ्या, त्यात सेल मुद्दाम दाटीवाटीने बसवा आणि राउटर किती फेऱ्या मारतो ते लॉगमध्ये बघा.