शिवणकामाची पाटी आणि घरपट्टीतला तीन वर्षांचा फरक

ताई, तुमच्या तीन पानी पत्रात सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही समासात, तिरकी लिहिली आहे: "नोटीस १४ जानेवारी २०२५ ची आहे, पण वाढ १ एप्रिल २०२१ पासून लावली आहे." बाकीच्या तक्रारी मी बाजूला ठेवतो, कारण तुमचं प्रकरण याच ओळीवर उभं आहे.

अशी पत्रं हल्ली सारखी येतात, म्हणून इतर वाचकांसाठी हकिकत थोडक्यात सांगतो. ताईंनी बाल्कनीच्या ग्रिलला "ब्लाउज शिवून मिळतील" अशी प्लायवुडची पाटी लावली होती. पाहणीला आलेल्या महापालिकेच्या निरीक्षकाने ती पाहून सदनिकेचा वापर 'बिगरनिवासी' लिहिला. घरपट्टीत वर्षाला १३,५०० रुपयांचा फरक बसला आणि पुढच्या बिलात मार्च २०२५ पर्यंतच्या चार वर्षांची ५४,००० थकबाकी आली.

मुंबईची घरपट्टी वेगळ्या, १८८८ च्या कायद्याने आणि भांडवली मूल्यावर ठरते. तुमच्या शहराला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याच्या कराधान नियमांतला नियम २० आयुक्तांना आकारणी पुस्तकातली (मिळकतींवरच्या कराच्या नोंदवहीतली) नोंद वर्षाच्या मध्येही दुरुस्त करू देतो. मात्र ती दुरुस्ती लागू होते फार तर चालू अधिकृत वर्षापासून, म्हणजे १ एप्रिलपासून. जानेवारी २०२५ मध्ये वापर बदलला, तर तो १ एप्रिल २०२४ च्या मागे नेता येत नाही. तुमची मिळकत आधीपासून नोंदलेली आहे. कधीच आकारणी न झालेल्या इमारतीचा प्रश्न निराळा. तेव्हा २०२१ ते २०२४ या तीन वर्षांचे ४०,५०० रुपये मागण्याला आधार दिसत नाही.

आता राग येईल असं बोलतो. पाटी तुम्ही दिवाळीतच उतरवली होती. नोटीस आली तेव्हा पाटी उतरवून अडीच महिने झाले होते. त्या दिवशी चार ओळींची लेखी हरकत दिली असती, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. तुम्ही नोटीस देवघराच्या खणात ठेवलीत आणि "साहेब बघतो म्हणाले" यावर वर्ष काढलंत. साहेबांनी तोंडी दिलेला शब्द कोर्टात कुठेच दाखवता येत नाही. करयोग्य मूल्याविरुद्ध (ज्या मूल्यावर घरपट्टी बसते त्याविरुद्ध) याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली अपील करायचं, तर आधी आयुक्तांकडे हरकत दिलेली असावी लागते, तिचा निकाल लागल्यापासून १५ दिवसांत अपील दाखल व्हावं लागतं आणि वादातला करही आधी भरावा लागतो. हरकतच नाही म्हटल्यावर "थेट कोर्टात जाऊ का" या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असंच आहे. उच्च न्यायालयात रिट करता येते, पण अपिलाची वाट कायद्यातच असताना तिथून बहुधा माघारी पाठवतात, आणि तारखांमध्ये वर्षं जातात ती वेगळीच.

नियम २० मात्र तुमच्याही उपयोगाचा आहे, कारण संबंधित व्यक्तीच्या अर्जावरूनही नोंद दुरुस्त होते. तीही चालू वर्षापुरतीच, म्हणून हा अर्ज ३१ मार्चच्या आत आवक झाला पाहिजे. १ एप्रिल उजाडला की हे वर्षही हातचं गेलं. अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा: वापर पुन्हा 'निवासी' करावा, आणि १ एप्रिल २०२४ पूर्वीचा फरक रद्द करावा. सोबत महावितरणची घरगुती दराची बिलं, सोसायटीचं पत्र आणि ग्रिलचा तारखेसह फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्याच दिवशी माहिती अधिकारात, १० रुपये भरून, पाहणी अहवाल आणि आकारणी पुस्तकातला उतारा मागा. तुमच्या घरात मशीन किती, गिऱ्हाईक येत होतं का, यावर वापराचा मुद्दा थोडा डळमळीत आहे. अहवाल हाती येईपर्यंत त्याबद्दल मी ठाम बोलणार नाही.

चालू बिल आणि २०२४-२५ चा फरक मात्र "हक्क राखून" असं पत्र देऊन आत्ताच भरा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. नुसत्या ४०,५०० वर ती महिन्याला ८१० होते. मूळ मागणी रद्द झाली तर तिच्यावरची शास्तीही जाईल. पण तोवर जप्तीच्या नोटिशीची धास्ती नको असेल आणि पैशाची सोय होत असेल, तर ही रक्कमही हक्क राखूनच भरा. थकबाकीदारांसाठीच्या सवलतीच्या अभय योजनेची वाट पाहू नका. तिच्यात सूट मिळते ती शास्तीत, मूळ कर तसाच राहतो.

अर्जाचा निकाल विरोधात गेला, तर तो हातात पडल्याची तारीख लिफाफ्यावर लिहा आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. या वेळी तो खणात ठेवू नका.