आधी वजन बघा, मग लांबी

जहाजाने माल पाठवणाऱ्या नव्या माणसाला वाटतं, चाळीस फुटी कंटेनर म्हणजे वीस फुटीच्या दुप्पट माल. जागेच्या बाबतीत ते खरं आहे: वीस फुटीत साधारण 33 घनमीटर, चाळीस फुटीत 67. वजनाचं गणित मात्र वेगळं. दोन्हींत जेमतेम 26 ते 28 टनच भरता येतात, कारण डब्यासकट एकूण वजनाची मर्यादा दोन्हींना साधारण सारखीच असते आणि मोठ्या डब्याचं स्वतःचंच वजन पावणेचार टनांच्या आसपास असतं. म्हणून फरशी, लोखंड, धान्य असा जड माल असेल तर वीस फुटी घ्या. कापूस, फर्निचर, प्लास्टिकच्या वस्तूंसाठी चाळीस फुटी. त्यातही हाय क्यूब मिळाला तर उत्तम. तो नेहमीच्या चाळीस फुटीपेक्षा फूटभर जास्त उंच असतो आणि 76 घनमीटर जागा देतो.

माप घेताना आतल्या उंचीवर जाऊ नका. दाराची उंची त्याहून दहाएक सेंटिमीटर कमी असते, आणि खोका अडतो तो तिथेच. उंच यंत्र असेल तर ओपन टॉप (पक्कं छप्पर नसलेला), रुंदीला बाहेर येणारं असेल तर फ्लॅट रॅक (बाजूच्या भिंती नसलेला). दोन्ही महाग, तेव्हा यंत्र सुटं करता येतं का ते आधी विचारा.

रीफर, म्हणजे शीत कंटेनर, गरम माल थंड करत नाही, फक्त तापमान टिकवतो. माल आधीच थंड करून भरा आणि आतल्या लाल रेषेच्या वर रचू नका, हवा फिरायला जागा लागते.

भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवणं 2016 पासून बंधनकारक आहे. त्याशिवाय तो जहाजावर चढत नाही.