मोरपंखी भिंत, पण कुठली?

प्रश्न : ताई, आईची मोरपंखी पैठणी माझ्याकडे आहे. यंदा घर रंगवायला काढलंय, तर हॉलची एक भिंत त्याच रंगाची करायचं मनात आहे. दुकानदाराने पैठणी मशीनला लावून शेड काढून दिली, पण ती पैठणीसारखी वाटतच नाही. सासूबाई म्हणतात, खोली काळोखी होईल. हॉल 10 बाय 14चा, खिडकी एकच, रात्री ट्यूबलाइट. काय करू?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : दुकानदाराचं चुकलेलं नाही. पैठणी खिडकीशी नेऊन जरा तिरकी धरा. घडीच्या कडेला हिरवी आणि आतल्या बाजूला निळी दिसली, तर ती धूपछाँव आहे : उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. नजर हलली की रंग हलतो. मशीन एका जागेवरचा रंग वाचतं आणि दोन्ही धाग्यांचा मिळून एकच रंग देतं. भिंतीला ती हालचाल प्रकाशाकडूनच मिळवावी लागते, म्हणून शेडच्या आधी भिंत ठरवा.

ज्या भिंतीत खिडकी आहे ती सोडा. तिच्यावर उजेड पडत नाही, शिवाय खिडकीची चमक डोळ्यांत येते; तिथे हा रंग दिवसासुद्धा काळा दिसतो. माझ्या घरी मी नेमकी तीच भिंत रंगवली होती. वर्षभर सोसली आणि पुन्हा पांढरी करून घेतली. त्या पैशांपेक्षा मनातला रंग वाया गेला याचं दुःख जास्त झालं. खिडकीला काटकोनात असलेली भिंत घ्या. उजेड तिच्यावरून सरकत जातो. खिडकीजवळ ती हिरवट दिसेल, कोपऱ्यात निळी गडद होत जाईल. पैठणीच्या सगळ्यात जवळ जाणारं हेच.

आता रात्रीचं. 6500 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली हा रंग निळा आणि थंड पडतो, 2700च्या पिवळ्या दिव्यात हिरवा होतो. मी 3000चे दोन दिवे लावीन, तेही भिंतीच्या बाजूला. सागवानी कपाट, पितळेची समई असं काही असेल तर याच भिंतीपुढे ठेवा, लाकडाचा तांबूसपणा खुलून येतो.

काम सुरू करण्याआधी भिंतीमागे बाथरूम आहे का ते बघा. गडद रंगावर ओलीचा पांढरा क्षार लगेच उठून दिसतो, त्यामुळे आधी गळती काढा, भिंत पूर्ण वाळू द्या. पुट्टी नीट घासून घ्या, कडेच्या उजेडात प्रत्येक उंचवटा दिसतो. गडद शेडला बहुतेक वेळा तिसरा हात लागतो. रंग सगळा एकदम आणा आणि सगळे डबे एका बादलीत मिसळा. नंतर आणलेला डबा किंचित वेगळा निघू शकतो. सोफ्यामागे मॅट नको, तेल लावलेल्या डोक्यांचे डाग राहतात. हलक्या चमकेचा, धुता येणारा घ्या.

सासूबाईंची शंका रास्त आहे. बाकीच्या तीन भिंती आणि छत दुधी पांढरं ठेवा. आणि हो, छोटा डबा आणून 2 बाय 2 फुटांच्या पुठ्ठ्याला दोन हात मारा. तो त्या रोज बसतात तिथून दिसेल असा चार दिवस त्या भिंतीला टेकवून ठेवा, सकाळी आणि दिवेलागणीलाही. त्या काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा.