'मंडळीचा' की 'मंडळींचा'?

प्रश्न असा आहे. एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाच्या, परिचयपत्रिकेचे मुद्रितशोधन चालू आहे आणि पहिल्याच वाक्यावर गाडी अडली आहे: "या मंडळीचा उद्देश देवाची उपासना करणे, विश्वासणाऱ्यांना वचनात वाढवणे आणि सुवार्ता सांगणे हा आहे." इथे 'मंडळींचा' हवे का? की सरळ 'चर्चचे मिशन' लिहावे? आणि खाली 'आम्ही विश्वास ठेवतो की' अशी सुरुवात असलेली सात कलमे आहेत, ती मराठीत चालतील का?

'मंडळीचा' हेच बरोबर आहे. त्यावर अनुस्वार देऊ नका.

घरगुती मराठीत 'मंडळी' हा शब्द जरा विचित्र वागतो. कर्ता असताना तो एकवचनी स्त्रीलिंगी असतो: मंडळी आली, सगळी मंडळी जेवायला बसली. 'मंडळी आल्या' कोणी म्हणत नाही. प्रत्यय लागला की मात्र आपण सहज अनेकवचनात जातो: मंडळींना वाढा, मंडळींनी हात धुतले. मनासमोर माणसे असतात, म्हणून. ख्रिस्ती मराठीने हा दुसरा टप्पा घेतलेला नाही. तिथे मंडळी शेवटपर्यंत एकच राहते: मंडळीने ठरवले, मंडळीला कळवले, मंडळीचा उद्देश. खरोखर अनेक असतील तेव्हा 'मंडळ्या'. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली पत्रे इफिसपासून लावदिकीयापर्यंतच्या सात 'मंडळ्यांना' आहेत. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला "मी आपली मंडळी रचीन" असे म्हणतो आणि पुढे तिचा उल्लेख 'तिच्या' असा एकवचनी सर्वनामाने येतो. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा हीच मंडळी एक शरीर होते आणि माणसे तिचे अवयव. 'मंडळींचा उद्देश' म्हटले की जमलेल्या पन्नास जणांचे पन्नास उद्देश असा वास येतो. 'मंडळीचा' मध्ये एका देहाचा उद्देश आहे. इथे व्याकरण श्रद्धेच्या बाजूने उभे आहे, ते मोडू नये असे मला मनापासून वाटते.

हा वापर फक्त पाद्र्यांनी घडवला, असेही समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही मराठीत 'मंडळी' म्हणजे एका कामासाठी बांधली गेलेली संस्था, असा अर्थ सर्रास होता. किर्लोस्कर नाटक मंडळी 1880 ची, गंधर्व नाटक मंडळी 1913 ची. धोंडो केशव कर्व्यांची 1893 ची संस्था 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी'. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 साली काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे मराठी नाव 'भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी' असे होते. म्हणजे तिथे 'मिशन' या शब्दाच्या जागीही 'मंडळी'च आली. आज त्या संस्था गेल्या किंवा नावे बदलली, आणि हा अर्थ जिवंत राहिला तो मुख्यतः ख्रिस्ती समाजात. म्हणूनच बाहेरच्या वाचकाला तो चुकल्यासारखा वाटतो.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनची तिथली पहिली मंडळी 1833 साली स्थापन झाली. हे मिशन मुख्यतः काँग्रिगेशनल परंपरेचे. त्या परंपरेत स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते: आपला पाळक (पास्टर) ती निवडते, कारभारात मदत करणारे डीकन निवडते, आणि नवा सभासद आपल्या विश्वासाची जाहीर कबुली देऊन मंडळीच्या करारात सामील होतो. अशा ठिकाणी 'मंडळीने ठरवले' हे वाक्य अक्षरशः खरे असते. बिशप असलेल्या परंपरांमध्ये अधिकाराची वाट निराळी आहे, पण प्रोटेस्टंट मराठीत शब्द तोच राहिला.

'चर्च' लिहिले तर काय बिघडते? बोलताना काहीच नाही, सगळे तसेच बोलतात. पण पत्रिकेत 'चर्चचा उद्देश' वाचला की डोळ्यांपुढे इमारत येते. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. नगरात हाक देऊन बोलावलेली नागरिकांची सभा, हा त्याचा साधा अर्थ. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसमध्ये गोंधळ माजतो त्या जमावालाही ग्रीकमध्ये हाच शब्द आहे, मराठी भाषांतराने तिथे मात्र 'सभा' वापरून फरक केला. गोव्यातला 'इगर्ज' हा पोर्तुगीजमार्गे आलेला त्याच एक्लेसियाचा वंशज, आणि तो आज वास्तूला चिकटला आहे. वसईच्या कॅथोलिक लेखनात 'ख्रिस्तसभा' हा शब्द माणसांसाठी आहे. तुमची पत्रिका कॅथोलिक वाचकांसाठी असेल तर 'मंडळी' काढून 'ख्रिस्तसभा' किंवा स्थानिक पातळीवर 'धर्मग्राम' (पॅरिश) घाला. एकाच पत्रिकेत दोन्ही मिसळू नका.

मुद्रितशोधकाने सर्वांत जास्त जपायची जागा वेगळीच आहे: 'मंडळ' आणि 'मंडळी'. वडीलमंडळ, डीकनमंडळ ही निवडलेली थोडी माणसे, मंडळी म्हणजे सगळे सभासद. 'मंडळाने अंदाजपत्रक मंजूर केले' आणि 'मंडळीने अंदाजपत्रक मंजूर केले' या दोन वाक्यांत फरक एका वेलांटी-कान्याचा, पण निर्णय कोणी घेतला ते बदलते. वार्षिक सभेच्या वृत्तांतात ही चूक राहिली तर पुढे वाद होतो. प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या.

आता 'मिशन'. नगर, सोलापूर, मिरज भागात 'मिशन' म्हटले की मिशन हॉस्पिटल, मिशन हायस्कूल, मिशन कंपाउंड आठवते. 'आमच्या मंडळीचे मिशन' हे तिथल्या वाचकाला मालमत्तेबद्दलचे वाक्य वाटू शकते. 'उद्देश' चांगला आहे, तोच ठेवा. बाहेर जाऊन करायच्या कामाला 'सुवार्ताकार्य' आणि 'सेवाकार्य' असे दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ एक नव्हे: पहिल्यात संदेश सांगणे, दुसऱ्यात दवाखाना, शाळा, भुकेल्याला भाकर. उद्देशात दोन्ही असतील तर दोन्ही लिहा. आणि रविवारच्या 'सर्व्हिस'ला 'सेवा' करू नका, ती उपासना. 'सकाळची सेवा 9 वाजता' वाचून माणूस झाडू घेऊन येईल असे नाही, पण मराठी ख्रिस्ती कान त्याला अडखळतो.

कलमांकडे येतो. 'आम्ही विश्वास ठेवतो की देव एक आहे' हे इंग्रजी चालीचे वाक्य आहे. मराठीत विश्वास 'कशावर तरी' ठेवतात. 'आमचा विश्वास आहे की' त्याहून फिके: 'यंदा पाऊस बरा होईल असा आमचा विश्वास आहे' या पातळीवर ते उतरते. दोन क्रियापदे वाटून घ्या. व्यक्तीसाठी 'वर विश्वास ठेवतो', शिकवणुकीसाठी 'मानतो' किंवा 'कबूल करतो'. पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवायचा. शास्त्र देवप्रेरित आहे हे मानायचे. लॅटिन विश्वासांगीकारातही, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीतही (क्रीड), हा भेद दिसतो. देवापुढे 'वर' या अर्थाचे अव्यय येते, मंडळीपुढे येत नाही.

सर्वनामही तपासा. प्रेषितांचा विश्वासांगीकार 'मी' ने सुरू होतो, कारण तो बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या तोंडचा. नायसियाच्या 325 च्या परिषदेचा ग्रीक मजकूर 'आम्ही' ने सुरू होतो, कारण तो जमलेल्यांच्या तोंडचा. पत्रिका मंडळीची आहे, तेव्हा 'आम्ही' योग्य. पण त्यात प्रेषितांचा विश्वासांगीकार उतरवला असेल तर तिथला 'मी' एकसारखेपणासाठी बदलू नका.

'कलमे' आणि 'अंगीकार' यांतही निवड करावी लागेल. नियमावलीत असतात ती कलमे, क्रमांक घालून, सभासदाने सही करायची. उपासनेत उभे राहून मोठ्याने म्हणायचा तो अंगीकार. परिचयपत्रिकेला 'आमचा विश्वास' एवढे शीर्षक पुरते.

आणखी दोन शब्द. 'विश्वासू' म्हणजे भरवशाचा. विश्वास ठेवणारा तो 'विश्वासी', जुन्या वळणात 'विश्वासणारा'. तुमच्या वाक्यातले 'विश्वासणाऱ्यांना' बरोबर आहे. दुसरा, 'पवित्र कॅथोलिक मंडळी'. प्रोटेस्टंटही हा शब्द सर्व काळच्या, सर्व ठिकाणच्या मंडळीसाठी म्हणतात, पण छापील पानावर तो रोमन कॅथोलिक असाच वाचला जातो. 'सार्वत्रिक' लिहा.

तुमचे पहिले वाक्य असे होईल: "देवाची उपासना करावी, वचनात आणि एकमेकांच्या सहवासात वाढावे, सुवार्ता सांगावी आणि गरजवंतांची सेवा करावी, हा या मंडळीचा उद्देश आहे." आणि पहिले कलम: "आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता, सर्वसमर्थ देवपिता याच्यावर आम्ही विश्वास ठेवतो." सेवा तुमच्या मूळ वाक्यात नव्हती, मंडळीने ती मुद्दाम वगळली असेल तर तेवढी काढा.