डोक्यात शब्द शब्दकोशासारखे अकारविल्हे लावलेले असतात का?

नाही. ते अर्थाने, उच्चाराने आणि वापराने एकमेकांत गुंतलेले असतात. सांगलीत कुणापुढे 'हळद' म्हणा. पिवळा रंग, हळकुंडं, मार्केट यार्डातले सौदे, हरिपूरची पेवं (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) पटकन मनात येतील. कोशात शेजारी असलेला 'हळवा' क्वचितच येईल.

१९५३ साली बाऊसफील्ड या मानसशास्त्रज्ञाने प्राणी, भाज्या, व्यवसाय आणि माणसांची नावं असे ६० शब्द सरमिसळ करून लोकांना ऐकवले. आठवताना मात्र प्राण्यामागून प्राणी, भाजीमागून भाजी असे घोळकेच बाहेर पडले.

उच्चाराचं प्रकरण वेगळं, आणि मला तेच जास्त विलक्षण वाटतं. शब्द अगदी ओठांवर येऊन अडतो, तेव्हा अर्थ पक्का ठाऊक असतो, नाव तेवढं सापडत नाही. तरीही पहिलं अक्षर किंवा शब्द किती लांब आहे हे पुष्कळदा बरोबर सांगता येतं. ब्राउन आणि मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. म्हणजे अर्थ हाती लागणं आणि उच्चार हाती लागणं या दोन पायऱ्या आहेत. रोजच्या वापरातले शब्द अर्थातच लवकर सापडतात.

म्हणून मुलांना नुसती यादी पाठ करायला देऊ नका. 'हळद' शिकवताना 'पेव', 'हळकुंड', 'वाळवण' सोबतच येऊ द्या.