वाचकांचे प्रश्न : तांब्याच्या खाणीतून निघालेली कंपनी

प्रश्न : माझे वडील वणी परिसरातील खुल्या कोळसा खाणीत डंपर चालवत असत आणि आता मीही तेच काम करतो. परदेशातील खाणींत कोमात्सु कंपनीचे डंपर चालकाविना धावतात, असे मोबाइलवर पाहिले. ही कंपनी मूळची कुठली, ती एवढी मोठी कशी झाली आणि असे डंपर आमच्याकडे येतील का?
— एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : कोमात्सु हे जपानमधील इशिकावा प्रांतातल्या एका शहराचे नाव आहे. त्या परिसरात युसेंजी येथे तांब्याची खाण होती. ती चालवणाऱ्या ताकेउची कंपनीने खाणीला लागणारी यंत्रे व अवजारे घरच्या घरी तयार व्हावीत म्हणून १९१७ मध्ये एक कारखाना काढला आणि १९२१ मध्ये तो वेगळा होऊन कोमात्सु कंपनी उभी राहिली. म्हणजे आज जगभरच्या खाणींना यंत्रे विकणारी ही कंपनी आरंभी एकाच खाणीचे वर्कशॉप होती.

तिच्यावरचा मोठा बाका प्रसंग साठच्या दशकात आला. अमेरिकेची कॅटरपिलर कंपनी मित्सुबिशीशी हातमिळवणी करून जपानमध्येच बुलडोझर बनवू लागली. त्या काळी कोमात्सुचा बुलडोझर दणकटपणात कॅटरपिलरच्या जवळपासही नव्हता, हे कंपनीचे लोकही जाणून होते. खर्चाचा हिशेब तूर्त बाजूला ठेवून, जपानी मानकांवर न थांबता, दर्जात थेट प्रतिस्पर्ध्याची बरोबरी करायची, असे त्यांनी ठरवले. १९६४ मध्ये गुणवत्तेसाठीचे डेमिंग पारितोषिक कोमात्सुला मिळाले. आज ती या व्यवसायात कॅटरपिलरच्या खालोखाल मानली जाते.

मात्र खाणीतल्या अजस्र यंत्रांच्या बाबतीत सगळेच ज्ञान घरचे नाही, हेही सांगायला हवे. मोठ्या डंपरची परंपरा तिला १९८८ मध्ये अमेरिकेतील ड्रेसर कंपनीशी केलेल्या भागीदारीतून मिळाली, तर दोरखंडावर चालणारे, खोदून डंपरमध्ये माल भरणारे प्रचंड इलेक्ट्रिक शॉवेल आणि भूमिगत खाणींची यंत्रे २०१७ मध्ये जॉय ग्लोबल ही अमेरिकी कंपनी विकत घेतल्यावर तिच्याकडे आली.

तिची खरी कल्पकता मला वेगळ्याच ठिकाणी दिसते : यंत्र विकल्यावरही त्याच्यावरची नजर तिने हटवली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये चोर बांधकामावरची एक्स्कॅव्हेटर, म्हणजे खोदणारी यंत्रे, पळवत आणि त्यांच्या बकेटने बँकांची पैसे देणारी यंत्रेच उपटून नेत. यंत्र कुठे आहे हे कळावे म्हणून उपग्रहाशी बोलणारे उपकरण त्यांत बसवले गेले. त्यावरून इंजिन किती तास चालले, इंधन किती उरले, बिघाड कुठे आहे, हेही समजू लागले आणि २००१ पासून 'कोमट्रॅक्स' नावाने ते सरसकट बसवले जाऊ लागले. चोर पकडण्यासाठी केलेली युक्ती दुरुस्ती विभागाला आणि विक्रीच्या अंदाजाला अधिक उपयोगी पडली.

चालकाविना डंपर हे याच विचाराचे पुढचे पाऊल आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील कोदेल्को या सरकारी कंपनीच्या गॅब्रिएला मिस्त्राल तांबे खाणीत २००८ मध्ये असे डंपर प्रत्यक्ष कामाला लागले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पिलबारा भागातील रिओ टिंटो कंपनीच्या लोहखनिज खाणीत त्यांचा वापर सुरू झाला. तिथल्या कामावर सुमारे १,५०० किलोमीटर दूर पर्थ शहरातील केंद्रातून लक्ष ठेवले जाते. डंपर आपली जागा उपग्रहाच्या साह्याने अचूक ओळखतो, रडारने अडथळा हेरतो आणि कुठल्या शॉवेलखाली जायचे याचा हुकूम त्याला बिनतारी जाळ्यावरून येतो. हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या रस्त्यावर, फिरणाऱ्या माणसांच्या जीप, रस्ता सपाट करणारे ग्रेडर, पाण्याचे टँकर यांवरही जागा कळवणारे उपकरण असावे लागते, कारण त्याशिवाय ती वाहने कुठे आहेत हे व्यवस्थेला नेमके कळत नाही.

आपण स्वतः डंपर चालवता, तेव्हा पुढची गोष्ट आपल्याला चटकन उमगेल. शॉवेलजवळ आल्यावर डंपर वळवून, आरशात पाहत, मागे घेऊन बरोबर बकेटखाली लावण्यात प्रत्येक फेरीला वेळ जातो. कोमात्सुने २०१६ मध्ये २३० टन माल वाहणारा, केबिनच नसलेला एक डंपर दाखवला. त्याच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते आणि चारही वळतात, शिवाय तो पुढे आणि मागे सारख्याच सहजतेने धावतो. त्यामुळे वळण्याचा प्रश्नच उरत नाही. चालक काढून टाकल्यावर गाडीला तोंड आणि पाठ असण्याचे कारण राहत नाही, हे ज्याला प्रथम सुचले त्याचे कौतुक वाटते.

आमच्याकडे येतील का, या प्रश्नाला माझे उत्तर 'इतक्यात सरसकट नाही' असे आहे. ऑस्ट्रेलियात वाळवंटातल्या खाणीवर माणूस नेणे, ठेवणे आणि त्याला पगार देणे फार महाग पडते; डंपर जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट बदलताना थांबत नाही, हा तिथे मोठा फायदा आहे. आपल्याकडे ओबी, म्हणजे कोळशावरचा माती-दगडाचा थर, काढण्याचे बरेचसे काम ठेकेदारांचे लहान टिपर करतात आणि एकाच रस्त्यावर खाणीची, ठेकेदाराची, कधी आणखी कोणाची वाहने धावतात. त्या प्रत्येकावर उपकरण बसवून शिस्त पाळून घेणे डंपर विकत घेण्याहून अवघड आहे. चालकाला झोप लागताच इशारा देणारी किंवा आंधळ्या बाजूची वस्तू दाखवणारी साधने मात्र आपल्या उपयोगाची आहेत आणि त्यांसाठी चालक काढावा लागत नाही.

प्रश्न : आमच्या गावात खोदणाऱ्या प्रत्येक यंत्राला 'पोकलेन' म्हणतात. हा शब्द मराठी आहे का?
— एक वाचक, घुग्घुस (जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही. पोकलेन ही फ्रान्समधील हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर बनवणारी कंपनी. तिच्या सहकार्याने लार्सन अँड टुब्रोने ही यंत्रे भारतात बनवली आणि कंपनीचे नावच यंत्राचे नाव झाले, जसे पुढे 'जेसीबी'चे झाले. त्याच लार्सन अँड टुब्रोने १९९८ मध्ये कोमात्सुशी भागीदारी करून बंगळूरुला एक्स्कॅव्हेटर बनवले. पुढे ती भागीदारी संपली, पण त्या पिवळ्या यंत्रालाही कामावरचे लोक 'कोमात्सुचे पोकलेन'च म्हणतात.